आईसकट टब

आमच्या घरात आतून कडी लागणारं एकच दार आहे, बाथरूमचं. आई अठ्ठावीस वर्षं बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगच्या पट्ट्यापाशी उभी राहतेय, आणि रविवारी एक तास टबात आडवी होते. त्या तासात घराला आग लागली तरी आम्ही बाहेरून फक्त खोकायचं, असा नियम आहे. टबाचं बूच गळकं आहे. आई त्यावर टाच दाबून ठेवते. सुट्टीतली तिची एकूण मेहनत एवढीच.

खालच्या मजल्यावर मास्तर राहतात. निवृत्त, विषय भूगोल. त्यांच्या छतावर ओल आली तेव्हा ते ओरडायला आले नाहीत. त्या डागाचा नकाशा काढून घेऊन आले. प्रमाण एक सेंटिमीटरला दहा. दर रविवारी डाग पूर्वेकडे सरकतोय, असं त्यांनी बाणाने दाखवलं होतं.

टब आणि भिंत यांच्यामधली फट दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, आतापर्यंत तीनदा सिलिकॉनने भरली होती. जुन्यावर नवं, नव्यावर आणखी नवं. तिन्ही वेळा फाटलं. दाजींचं कधी चुकत नाही, त्यामुळे चूक टबाची निघाली.

"काढूनच टाकू," ते फोनवर म्हणाले. "सोमवारी फिटर घेऊन येतो. शॉवर बसवू, खाली प्लास्टिकचं स्टूल. आई, तुमचंही वय झालं आता."

"हो का," आई म्हणाली.

आमच्याकडे 'हो का' नंतर सहसा भांडी फुटतात. या वेळी आईने शांतपणे चपला घातल्या आणि मला घेऊन हार्डवेअरचं दुकान गाठलं. गल्ल्यावरच्या बाईंनी आमचं सगळं ऐकून घेतलं.

"टब रिकामा असताना फट भरत होतात ना?"

"हो."

"माणूस बसलं, पाणी भरलं, की टब दबतो. फट उघडते, सिलिकॉन फाटतं. आधी जुनं पार खरवडा. मग टबात वजन ठेवा, मग फट भरा, आणि चोवीस तास ते वजन हलू देऊ नका. पट्टीवर पाणीही उडू देऊ नका. आधीचं कोणी केलं होतं?"

"जावयाने."

"तरीच," बाई म्हणाल्या आणि सिलिकॉनची नळी पिशवीत घातली.

रविवारी सकाळी आम्ही दाजींचे तीन थर ब्लेडने सोलून काढले. दुसऱ्या थरात त्यांच्या शर्टाचं बटण निघालं. आईने ते पुसून साबणाच्या डबीत ठेवलं. फट स्पिरिटने पुसली, सुकू दिली. आता वजन. पाणी भरायचं तर बूच गळकं, आणि चोवीस तास टाच दाबून बसली तर आई विरघळलीच असती. म्हणजे पाणी आणि माणूस मिळून होतं तेवढं, दोनशे किलो तरी, कोरडं वजन हवं. आई बावन्न. मी एकसष्ट, हे मी नाइलाजाने सांगतेय. पिठाचं पोतं पंचवीस. दाजींनी व्यायाम सोडताना आमच्याकडे टाकलेले डंबेल्स वीस. शिलाई मशीनचं डोकं चौदा. बाकीची तूट आईच्या हट्टाने भरून निघाली.

बरोबर बारा वाजता, टबात समोरासमोर बसून, आम्ही फट भरली. मी सिलिकॉनची गन दाबत गेले, आई साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट त्यावरून फिरवत आली. अठ्ठावीस वर्षं पुडे सरळ रेषेत लावणारं बोट ते. पट्टी अशी बसली की मला क्षणभर टब नवाच वाटला.

मग आम्ही बसून राहिलो. मधल्या उठबशांचा तपशील देत नाही. एक उठली की तिच्या जागी मास्तर बसत, एवढं सांगते. त्यांनी उशी घरून आणली होती.

आईने कारखान्यात फोन करून सोमवारची रजा सांगितली. पलीकडून विचारलं असावं, काय झालं.

"काही नाही," आई म्हणाली. "बसलेय."

सोमवारी दहाला बेल वाजली. मास्तर फिरायला गेले होते. मलाच उठावं लागलं. दारात दाजी, आणि मागे हातोड्यांची पिशवी घेतलेला फिटर. दाजी तडक बाथरूमपर्यंत गेले.

"आई, अहो हे काय?"

"या जावईबापू. चहा घेणार? मी मात्र उठणार नाही."

"पण टब काढायचाय!"

"काढा की. माझ्यासकट काढा."

दाजी माझ्याकडे वळले. "धाकटे, तू तरी समजाव."

"दाजी, एकसष्ट किलोच्या माणसाचं कोण ऐकतं?"

फिटर एव्हाना वाकून, टॉर्च लावून पट्टी बघत होता.

"कधी भरलं?"

"काल बाराला."

"वजन ठेवून?"

"हो."

"मग आता कोण उतरलं?"

"मी. दार उघडायला."

"अहो मग उभ्या काय राहिलात!" फिटर ओरडला. त्याने बूट काढले आणि पिशवीसकट टबात चढून पिठाच्या पोत्याशेजारी बसला. "ब्याऐंशी," तो आईला म्हणाला. "पिशवी बारा. पुरेल?"

"पुरेल," आई म्हणाली. "डंबेल जरा सरकवा."

"तुम्हाला फोडायला आणलंय!" दाजी म्हणाले.

"फोडू ना. पण इतकं सरळ भरलेलं मी सुकायच्या आत नाही बिघडवणार. बारा वाजू द्या."

आईने साबणाच्या डबीतून बटण काढून दाजींच्या हातावर ठेवलं.

"हे तुमचं. दुसऱ्या थरात होतं. आता ऐका. बाराला मी टब भरून तासभर आत पडते. मास्तरांच्या छतातून एक थेंब जरी पडला, तरी पहिला हातोडा मी घालीन. नाही पडला, तर या बाथरूमचं पुन्हा नाव काढायचं नाही. स्टुलाचंही नाही."

बाराला पोतं, मशीन, फिटर सगळे बाहेर काढले. आईने नळ सोडला आणि कडी लावली.

दाजींचा मास्तरांवर विश्वास नव्हता. ते स्वतः खाली जाऊन डागाखाली खुर्ची टाकून बसले, हातात स्टीलचं ताट, मान वर. मास्तर शेजारी मोजपट्टी आणि पेन्सिल घेऊन उभे. मी तासात चार फेऱ्या मारल्या. चारही वेळा ताटात फक्त दाजींचा चेहरा दिसला.

एक वाजून पाच मिनिटांनी दाजी मान चोळत वर आले. दार ठोकायला हात उचलला, तेवढ्यात मी त्यांना नियम सांगितला.

दाजींनी हात खाली घेतला. बटण खिशात टाकलं. खोकले.



"जरा मोठ्याने," फिटर म्हणाला.