खालची टाकी

"आईच्या खोलीत भोक पाडायचंय, तुझं ड्रिल घेऊन ये," दादानं फोनवर सांगितलं. कशी आहेस नाही, काही नाही. मी नळजोडणीची कामं करते, आणि दादाच्या लेखी बहीण म्हणजे घरचा हक्काचा पान्हा. चारचौघांत तो मला प्लंबरीणबाई म्हणतो आणि स्वतःच हसतो.

भोक कशासाठी, तर माशांसाठी. त्यानं दिवाणखान्यात सहा फुटी काचेची टाकी आणून ठेवली होती. एवढ्या मोठ्या टाकीला खाली आणखी एक टाकी लागते. वरचं जास्तीचं पाणी पाइपातून खाली उतरतं, तिथं गाळलं जातं, आणि पंप ते परत वर चढवतो. पंप घरघरतो, पाइप गुडगुडतो, तेव्हा खालची टाकी शेजारच्या खोलीत ठेवा, असं दुकानदारानं दादाच्या डोक्यात भरवलं होतं. शेजारची खोली आईची.

"तिला कुठं ऐकू येतंय?" दादा म्हणाला. "तिला काय फरक पडतो?"

आईला ऐकू येत नाही हे खरं. का येत नाही, तेही सांगते. सव्वीस वर्षं ती पत्र्याचे डबे ठोकणाऱ्या कारखान्यात मशीनवर उभी होती. तिथं बायका एकमेकींशी हातवाऱ्यांनी बोलायच्या, कारण तोंडानं बोलून उपयोगच नव्हता. तिचे कान तिथं गेले. त्या पगारावर दादा शिकला, साहेब झाला, आणि आता तोच सांगतो की तिला ऐकू येत नाही.

मी गेले तेव्हा दुकानदाराचा पंप आईच्या भिंतीशी बादलीत बुडवून चालू करून ठेवला होता. नमुना म्हणून. आई पलंगावर पाय वर घेऊन बसली होती.

"पाय का वर घेतलेस?" मी तिच्या तोंडासमोर जाऊन विचारलं. ती ओठ वाचते.

"ऐकू येत नाही गं. पण फरशीतून पायात चढतं. जरा डोळा लागला की वाटतं, मशीनवरच उभी आहे, हात वेळेत काढायला हवा." मग हळूच म्हणाली, "तू काही बोलू नकोस हं त्याला. हौस आहे त्याची."

मी बोललेच. दादाला म्हटलं, "खालची टाकी वरच्या टाकीखालच्या कपाटातच बसवते. तुझ्या दिवाणखान्यात टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकं शांत करून देते. जमलं, तर आईच्या खोलीला हात लावायचा नाही."

"जमलं तर नाही लावणार."

"शब्द?"

"शब्द गं बाई. स्टॅम्प पेपर आणू का?"

पंप त्यानं आधीच हेरून ठेवला होता. खोक्यावर तासाला दहा हजार लिटर लिहिलेला धटिंगण. "घ्यायचा तर मोठाच घ्यावा," दादाचं म्हणणं.

"आधी पाणी खाली उतरायची वाट किती आहे ते बघ. पंप जेवढं वर फेकेल तेवढं पाइपानं उतरलं पाहिजे. नाही उतरलं तर तुझ्या गालिच्यावर उतरेल."

"दुकानदार म्हणाला की..."

"दुकानदार येणार आहे का पुसायला?"

मी निम्म्या ताकदीचा पंप निवडला, वेग कमीजास्त करता येणारा, आणि त्याच्याखाली जाड रबर घातलं. मोठा पंप दिमाखाचा असतो, कामाचा असतोच असं नाही. माणसांचंही तसंच, पण ते दादाला सांगून उपयोग नव्हता.

पाणी उतरवायला तीन पाइप घेतले. पहिला पाण्यानं पूर्ण भरून वाहणारा. आत हवा शिरली नाही की आवाज होत नाही. दुसरा, पहिल्यातून उरलेली धार नेणारा. तिसरा कोरडा. पहिल्यात एखादी गोगलगाय अडकली तर त्या दिवशी तो घर वाचवतो.

वहिनी कमरेवर हात ठेवून बघत होती. "एका टाकीला तीन तीन पाइप? आमच्या अख्ख्या घराला एकच आहे."

"म्हणूनच तुमचं न्हाणीघर महिन्यातून एकदा तुंबतं, वहिनी."

पहिल्या पाइपाला वॉल्व्ह होता. तो केसभर फिरवायचा, थांबायचं, पाणी कुठं स्थिरावतंय बघायचं, पुन्हा केसभर. दुपारभर मी टाकीमागे उकिडवी बसून तेवढंच केलं. मग पंप बंद केला. सगळे चालू करून बघतात, मी बंद करून बघते. वीज गेली की पंप थांबतो, पण वरचं पाणी थोडा वेळ खाली येतच राहतं, आणि खालच्या टाकीत तेवढी जागा रिकामी नसेल तर घरात तळं होतं. सात वेळा बंद केला. सातही वेळा पाणी काठाच्या चार बोटं खाली थांबलं.

आठव्यांदा चालू केला तेव्हा वहिनी स्वयंपाकघरातून ओरडली, "बंद पडलं का गं ते?"

"चालू आहे."

ती येऊन कपाटाला कान लावून उभी राहिली. दादाही आला, त्यानंही कान लावला. मी आईला आणून अनवाणी उभं केलं. तिनं खाली बघितलं, पायाची बोटं हलवली आणि मान डोलावली. काही नाही.

पुढचे बारा दिवस दादा येणाऱ्याजाणाऱ्याला टाकी दाखवून सांगत होता, माझ्या बहिणीनं बसवलंय. प्लंबरीणबाई नाही, बहिणीनं. हे कानावर आलं आणि मी हुरळले. सांगायला लाज वाटते, पण हुरळले.

तेराव्या दिवशी फोन आला. "ये जरा. खालची टाकी आईकडे हलवू या. कपाट मोकळं करून तिथंही काच लावायची म्हणतोय, छोट्या माशांसाठी."

मी समोर जाऊन उभी राहिले. "शब्द दिला होतास."

"आवाज होता म्हणून दिला होता ना? आता आवाजच नाही, मग आईला त्रास कसला? तूच दाखवलंस की."

माझ्याच हातचं काम त्यानं माझ्या तोंडावर मारलं.

"दादा, इथं पाणी सरळ खाली पडतं म्हणून शांत आहे. नऊ फूट आडवं नेलं की पाइपात हवा अडकणार, गुडगुडणार. पंपाचा वेग वाढवावा लागणार, फरशी थरथरणार."

"थोडंफार होणारच गं. तसंही तिला..."

"पुढचं बोलू नकोस."

"नको करूस मग. दुकानदाराचा माणूस उद्या येतोय."

मी आईकडे गेले, दार लावून घेतलं. "चल माझ्याकडे."

"तुमच्या एका खोलीत तुम्ही चौघं. मी कुठं झोपू, नळाखाली?"

"मग त्याला नाही म्हण. एकदा. आयुष्यात एकदा नाही म्हण."

ती बराच वेळ माझ्या ओठांकडे बघत राहिली, जणू मी अजून बोलतेच आहे. मग म्हणाली, "मी नाही म्हटलं तर तो काय करेल, ते मला बघायचं नाही."

"तूच कर," तीच पुढे म्हणाली. "तो माणूस तो मोठा पंप आणून बसवेल. तुझ्या हातचा कमी हलेल."

मी पेटी उघडली. पलंग दोघींनी मिळून दुसऱ्या भिंतीशी सरकवला, खिडकीपासून लांब, कारण आता तेवढीच जागा उरत होती. मी भिंतीवर पेन्सिलीनं गोल काढला.

"टाकीत धूळ जाऊ देऊ नकोस हं!" दादा बाहेरून ओरडला. वहिनी टाकीवर घालायला नवी चादर घेऊन आली.

"पलंगावर घालायला एक दे," मी म्हटलं.

"आईंचं अंथरूण ना? ते काय, धुऊन निघेल," वहिनी म्हणाली.

आईला वाटलं, वहिनीनं तिला काहीतरी विचारलं. ती वहिनीकडे बघून हसली. मी ड्रिल गोलावर टेकवलं आणि बटण दाबलं.