स्टोअरबाहेरचं पिवळं बटण

नांदेडच्या कलासंग्रहालयात घंटा वाजली तेव्हा नाझनीन तळघरात पंपाचा गळका व्हॉल्व्ह आवळत होती. इमारतीची वीज, पाणी, लिफ्ट सगळं तिच्याकडे. पाना टाकून ती चित्रांच्या स्टोअरकडं धावली.

दाराशेजारी लाल आकडे उलटे पळत होते. अठ्ठावीस, सत्तावीस. आत धूर झाला की यंत्र माणसांना बाहेर पडायला तीस सेकंद देतं, मग दार लागून गॅस सुटतो. चित्रं भिजत नाहीत, आग विझते. पण आत कुणी असलं तर श्वास कोंडून मरायचं.

दाराशी टायरच्या तळाच्या चपला होत्या. मलप्पांच्या. देगलूरचा हा म्हातारा सुतार चित्रांसाठी पेट्या बांधायचा. सॉ मिलच्या आवाजात हयात गेलेली, कान गेलेले. त्याला घंटा ऐकू येत नसे.

"मलप्पामामा!"

तिनं पिवळं बटण दाबलं. आकडा सोळावर थांबला. बटण धरून ठेवलं तरच मोजणी थांबते, म्हणजे आता तिला जागचं हलता येईना.

ऋतुजा मॅडम धापा टाकत आल्या. संग्रहाची सगळी जबाबदारी त्यांची. दारातून काळा धूर बाहेर येत होता.

"बटण का धरलंय? सोडा!"

"आत मामा हाईत."

"जेवायला गेले असतील हो! दीडशे चित्रं आहेत आत. पुन्हा कोण काढून देणार?"

"चपला बघा की."

"ते दिवसभर अनवाणीच फिरतात!"

तेही खरंच होतं. मामा खरंच वर डबा खात बसले असतील तर चित्रं आपल्याच हातानं जळत होती.

"मी सोडणार न्हाई," ती म्हणाली. "तुम्ही बघून या. तोवर धरते."

ऋतुजानं धुराकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. मग ओढणी तोंडावर घट्ट दाबून आत शिरली.

आता आत एक नाही, कदाचित दोघं. नाझनीन हाका मारत राहिली. आत काहीतरी धडकन पडलं. मग काहीच ऐकू येईना. तिनं दुसरा अंगठा पहिल्यावर दाबला.

धुरातून आधी ऋतुजाची पाठ दिसली. ती मागं मागं सरकत मलप्पांना बगलेत धरून ओढत होती. दोघं उंबऱ्याबाहेर कोसळली.

"आणखी कुणी?" नाझनीन ओरडली.

ऋतुजानं नकारार्थी मान हलवली.

नाझनीननं बटण सोडलं. सोळा आकडे संपले, दार बंद झालं आणि आत गॅस घोंघावत सुटला.

हवा ओढणाऱ्या यंत्राची मोटर जळाली होती. मलप्पा ती बंद करायला गेले आणि धुरात रॅकमागं अडकले. दोन दिवस दवाखान्यात राहून ते घरी गेले. अकरा चित्रं काळी पडली. त्यातली चार कधीच सुधारणार नव्हती.

तिसऱ्या दिवशी संचालक आदिनाथ सरांनी दोघींना बोलावलं. "गॅस अडीच मिनिटं कुणी रोखून धरला?"

"मी, सर," नाझनीन म्हणाली.

सर लिहायला लागले. ऋतुजाचा आवाज धुरानं अजून बसलेलाच होता.

"मी तिला सोडायला सांगत होते, सर. तिनं ऐकलं नाही म्हणून मलप्पा वाचले," ती म्हणाली. मग सरांचं पेन थांबलेलं पाहून म्हणाली, "हेही लिहा."