पैसे देणारी सव्वीस ताटं

अर्गिरोचं डोकं सकाळपासून तापलं होतं. खानावळीत अजून गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून तिने टेबलावर अंथरलेल्या कागदावरच हिशोब मांडला. भाडं, वीज, गॅस, कर मिळून दिवसाला साठ युरो. ताट बाराला विकायचं, त्यातले सात सामानात जायचे, उरायचे पाच. म्हणजे रोज बारा ताटं गेली की ना नफा ना तोटा.

"बाराच?" तिचा नवरा मनूसोस मिशीला पीळ देत हसला. "अगं वेडे, रोज वीस ताटं उठतात! उगाच रडतेस."

"उठतात रे, पण पैसे किती जण देतात? दहा! बाकीचे तुझे कुंबारे."

ज्याच्या पोराला आपण बाप्तिस्म्याला हातावर घेतलं, तो आपला कुंबारो. क्रीट बेटावरच्या डोंगरात त्याच्याकडून जेवणाचे पैसे घेणं म्हणजे स्वतःच्या तोंडाला काळं फासणं. कुणाला असे चार असतात, कुणाला सहा. मनूसोसला एकवीस होते. मोठ्या मनाचा माणूस म्हणून तो गावभर मिरवायचा, आणि ते मोठं मन चालायचं अर्गिरोने रांधलेल्या मटणावर. खानावळ उभी राहिली तीही तिच्या बापाची ऑलिव्हची झाडं विकून. भाडेकरार संपत आला होता. या हिवाळ्यात खर्च भागला नाही तर मालकाला किल्ली परत करावी लागणार होती.

"फुकटचं ताट मला सातला पडतं," ती म्हणाली. "दहा ताटांचे सत्तर, वर ते साठ. आता भर पाच-पाचने! सव्वीस लागतात, मनूसोस. पैसे देणारी सव्वीस! आणायची कुठून?"

"नात्याचा हिशोब करतेस? लाज नाही वाटत?"

दुपारी वरच्या वाडीतला सीफिस आला. बायको, पोरं, सासू, मेहुणे, सगळे मिळून नऊ ताटं. धाकट्याला बाप्तिस्म्याला मनूसोसने हातावर घ्यावं, अशी त्याची इच्छा होती. मनूसोसने त्याला कडकडून मिठी मारली आणि हो म्हणून टाकलं. बायकोला विचारलंसुद्धा नाही.

"अर्गिरो, मटण आण! भात आण! राकीची बाटली आण!"

तिने सगळं आणलं. जेवणं झाल्यावर बिलही आणलं आणि सीफिसच्या पुढ्यात ठेवलं. एकशे आठ.

"वहिनी, चेष्टा करताय काय?"

"चेष्टा कसली भाऊ? जेवलात, पैसे द्या."

मनूसोस लालबुंद झाला. तरातरा गल्ल्याकडे गेला, हाताला लागल्या तेवढ्या नोटा उचलल्या आणि टेबलावर आपटल्या. "घे! माझ्या कुंबाऱ्याचे पैसे मी देतो! झालं समाधान?"

"वा रे मर्दा!" मेहुणे ओरडले.

तिच्याच गल्ल्यातले पैसे तिच्याच तोंडावर! अर्गिरोने नोटा गोळा केल्या, घडी घातली आणि ॲप्रनच्या खिशात कोंबल्या.

"गल्ल्यात टाक," मनूसोस म्हणाला.

"का? हा स्वयंपाकिणीचा पगार. चार वर्षं रांधतेय मी इथे. सकाळच्या हिशोबात तुला तर नाहीच, पण मलासुद्धा तो धरायचं सुचलं नाही!"

मनूसोस जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "अगं, ऐक. उद्या खाटकाला द्यायचेत ते." खोली लहान होती. सगळ्यांना ऐकू गेलं.

"मग कुंबाऱ्याकडे माग," अर्गिरो मोठ्याने म्हणाली.

मनूसोसने सीफिसकडे पाहिलं. सीफिस बायकोला म्हणाला, "चला, पोरगं पेंगुळलंय." उठताना त्याने खिशाला हातसुद्धा लावला नाही.