वल्लरीचा कप्पा

वल्लरी युगांडाहून परतली त्या दिवसापासून लतिकाच्या मनात पाल चुकचुकत होती. अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावातल्या त्यांच्या अपार्टमेंटमध्ये फ्रिज एकच, आणि या बाईची पीएचडी कसली, तर शेळ्यांच्या पोटातले जंतू माणसांच्या पोटात कसे जातात याची! लतिकाने फ्रिजमधला कप्पा वेगळा केला, कुकर वेगळा केला, वल्लरीने प्रेमाने दिलेला शिरा तिची पाठ वळताच कचऱ्यात टाकला.

तरी व्हायचं ते झालंच. पोटात मुरडा येऊन लतिका आडवी झाली. दवाखान्यातून रिपोर्ट आला: जियार्डिया नावाचा परजीवी.

रात्री जेवता जेवता तिने फोन वल्लरीपुढे आपटला. "घे, तुझं संशोधन! मला दिलंस ते दिलंस, माझ्या बर्फीलाही दिलंस." बर्फी म्हणजे तिने शेल्टरमधून आणलेलं कुत्र्याचं पिल्लू.

"सॅम्पल्स लॅबच्या बाहेर येत नाहीत गं," वल्लरी म्हणाली. "आणि बर्फीचं पोट बिघडलं म्हणून तू व्हिडिओ कॉलवर रडत होतीस, तेव्हा मी युगांडातच होते ना?"

"मग मला कुठून झालं? मी कुणाच्या उष्ट्या पेल्यातलं घोटभर पाणीसुद्धा पीत नाही!"

वल्लरी नुसती लतिकाच्या मांडीकडे बघत राहिली. तिथे बसून बर्फी लतिकाच्या ताटातला दहीभात मन लावून चाटत होती. त्याच ताटातून उचललेला घास लतिकाच्या तोंडापाशी थबकला.