पंधरा-पंधरा मिनिटं

आज वजन वाढलेलं नसेल तर बाळाला दाखल करून घ्यायचं, असं डॉक्टरांनी सोमवारीच बजावलं होतं. आज गुरुवार. वजन आणखी तीस ग्रॅमने उतरलं होतं. सासूबाई "अगं बाई" म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मला काहीच वाटलं नाही. बारा दिवसांत मला काही वाटायचंच बंद झालं होतं. दुखतंय हे कळायचं, पण ते शेजारच्या बाईचं दुखावं तसं.

दाखल करण्याआधी एकदा खालच्या सिस्टरला दाखवा, असं डॉक्टर म्हणाले. ही सिस्टर बाळंतिणींना अंगावर पाजायला शिकवते. जिन्याखालची खोली, एक खुर्ची, दोन उशा, एक वजनकाटा. म्हटलं चला, आता हिचंही ऐकून घेऊ. सासूबाईंच्या मते माझ्या अंगावर दूधच नव्हतं. माझ्या आईच्या मते सासूबाई मला नीट खायला घालत नव्हत्या. नवऱ्याला मत नव्हतं, त्याने आपला माझ्या मोबाईलवर गजर लावून दिला होता.

सिस्टरने बाळाचं कपड्यांसकट वजन केलं आणि आता इथेच पाज म्हणाली. मी घेतलं. तिने इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, एक उशी सरकवली. गजर वाजला तशी मी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यात बोट घातलं आणि त्याला सोडवलं. त्याने टाहो फोडला.

"रोजचंच आहे," मी म्हटलं. "मी नकोच आहे त्याला."

"का काढलंस?"

"पंधरा मिनिटं झाली."

घरी सोडताना एका नर्सने सांगितलं होतं, दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा मिनिटं. ती घाईत होती, सांगून गेली. पण मी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे नळी तिसऱ्या मिनिटाला काढायची म्हणजे तिसऱ्याच मिनिटाला काढायची. सांगितलेली वेळ म्हणजे माझ्यासाठी काळ्या दगडावरची रेघ. दिवसातून दहा वेळा मी ती पाळली, एकदाही चुकले नाही.

"दूध आहे तुला," सिस्टर म्हणाली. "तो हळू पितो. तू त्याला दर वेळी भरल्या ताटावरून उठवतेस."

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. खरं तर रडायला मला हवं होतं. मेलं एक टिपूस येईना.

सिस्टरने मोबाईल सासूबाईंकडे दिला आणि बाळाला परत त्याच बाजूला घ्यायला लावलं. तो प्यायचा, थांबायचा, पुन्हा प्यायचा. घोट गिळल्याचा आवाज येत होता. तो थांबला की माझा हात आपोआप उठायचा, सिस्टर तो खाली ठेवायची. बऱ्याच वेळाने त्याने आपणहून सोडलं. काट्यावर पंचावन्न ग्रॅम जास्त भरले. सिस्टरने वर फोन लावला. दाखल करायला नको, शनिवारी परत आणा, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग तिने दुसऱ्या बाजूला घ्यायला सांगितलं आणि हात धुवायला गेली.

तेवढ्यात दार ढकलून दवाखान्यातल्या मावशी आत आल्या. बाहेर आणखी दोघी बसल्यात, आटपा म्हणाल्या. सासूबाई लगेच उठून पिशवी भरायला लागल्या. माझं बोट बाळाच्या ओठांपाशी गेलं होतं. मी ते मागे घेतलं.

"थांबावं लागेल, मावशी," मी म्हटलं. "त्याचं व्हायचंय अजून."