एकवीस खुर्द

“न्हाई कसं?” चांगुणाबाईंनी खिडकीच्या गजांतून हात आत घालून टेबलावर बोट आपटलं. “तुमीच लिवलं व्हतं, भाऊ. तवा ते काळं मशीन व्हतं, हिरवी अक्षरं उमटायची त्याच्यात. मी हितंच हुबी व्हते. खोटं बोलून राह्यले का मी?”

भुजंगरावांनी तिसऱ्यांदा नाव टाइप केलं. तिसऱ्यांदाही कॉम्प्युटर म्हणाला, असं कोणी नाही.

मंठा रस्त्यावरच्या त्या धर्मादाय क्षयरोग दवाखान्यात भुजंगराव सत्तावीस वर्षं रेकॉर्ड सांभाळत होते. चांगुणाबाईंचा खोकला पुन्हा उसळला होता. घर गळून त्यांच्या कार्डाचा लगदा झाला होता, म्हणून डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी देऊन त्यांना खिडकीवर पाठवलं होतं. आधी कोणती औषधं घेतली, किती महिने घेतली, रेकॉर्ड पाहून कळवावं. क्षयाचं असं असतं की एकदा औषध घेऊन तो परत उलटला, तर तेच औषध पुन्हा चालत नाही. दुसरं द्यावं लागतं, सुया टोचाव्या लागतात. त्यामुळे आधी काय घेतलं ते कळल्याशिवाय डॉक्टरीणबाई पुढे जात नसत.

“मावशी, शोध लावला की सगळ्या गावांच्या फायली धुंडाळतंय हे. तुमचं नाव असतं तर निघालंच असतं.”

“शोध-बिध मला काय कळतंय? आमच्या गावाची फाईल काढा न् डोळ्यानं बघा.”

म्हातारी हटणारी नव्हती. तिची समजूत काढायची म्हणून भुजंगरावांनी कोळसर खुर्दची फाइल उघडली. वरून खाली नावं वाचत गेले. पाटील, मुळे, परत पाटील. सगळी माणसं ओळखीची होती. ओळखीची होती, पण ती कोळसर खुर्दची नव्हती. ती कोळसर बुद्रुकची होती.

त्यांनी ती फाइल बंद केली आणि हिवरखेडी खुर्द उघडली. तिच्यात हिवरखेडी बुद्रुक बसलं होतं. मग आंबेसावरी उघडली. मग एकेक करत सगळी जोडगावं उघडली. एकवीस खुर्द होती. एकविसांच्या घरात बुद्रुकची माणसं पाय पसरून बसली होती आणि खुर्दचं चिटपाखरू कुठे दिसत नव्हतं.

“सापडलं का?” चांगुणाबाईंनी विचारलं.

“बसा मावशी. जरा वेळ लागंल.”

हे कसं झालं ते समजायला थोडं मागे जावं लागेल. नव्वद साली ट्रस्टने ती काळी, युनिक्सवर चालणारी मशीन आणली, तेव्हा तिच्याजवळ जायला कोणी धजत नव्हतं. दहावी झालेल्या भुजंगरावांना साहेबांनी तिच्यापुढे ढकललं. पडत्या फळाची आज्ञा म्हणून ते बसले ते बसलेच. पुस्तकात बघून बघून कमांडी पाठ केल्या, पण इंग्रजी कमांडी जिभेवर रुळेनात, तेव्हा त्यांनी स्वतःच बारके बारके प्रोग्राम लिहिले आणि त्यांना घरची नावं दिली. फाइल एका जागेवरून दुसरीकडे नेणारा ‘उचल’. नाव बदलणारा ‘बारसं’. कोणत्या डिरेक्टरीत, म्हणजे कप्प्यात, काय आहे ते दाखवणारा ‘झडती’. आणि नाव धुंडाळणारा ‘शोध’. औरंगाबादहून दुरुस्तीला येणारा इंजिनिअर या नावांना हसायचा. पण त्यालाही कुठली फाइल कुठे आहे ते विचारायला भुजंगरावांकडेच यावं लागायचं, आणि भुजंगरावांना त्यात भारी सुख वाटायचं.

गावांच्या फायलींची नावं ठेवतानाही त्यांनी एक युक्ती केली होती. आपल्याकडे एका नावाची दोन गावं असतातच, मोठं ते बुद्रुक आणि धाकटं ते खुर्द. नाव लांब टाइप करायचा कंटाळा. मग बुद्रुकचं नाव मोठ्या, म्हणजे कॅपिटल अक्षरांत आणि खुर्दचं नाव बारक्या अक्षरांत. जुनी मशीन डोळस होती. मोठं वेगळं, बारकं वेगळं, एवढं तिला कळायचं. तेरा वर्षांत दोन गावांची कधी गल्लत झाली नाही.

मग यंदाच्या मार्चमध्ये नवे कॉम्प्युटर आले, विंडोजवाले. त्यांच्याबरोबर रजिया आली, तेवीस-चोवीसची, जालन्यात कोर्स केलेली. ती म्हणाली, “काका, कॉपी मी मारते ना.” भुजंगराव म्हणाले, बिलकुल नाही. तेरा वर्षं सांभाळलेलं लेकरू परक्याच्या कडेवर कसं द्यायचं? त्यांनी आठ दिवस खपून आपले चारही प्रोग्राम नव्या मशीनसाठी नव्याने लिहिले, त्याच नावांचे, तेच काम करणारे. आणि सगळं रेकॉर्ड स्वतःच्या हाताने हलवलं. नव्या पेशंटांची नोंद तेवढी तेव्हापासून रजियाच्या वेगळ्या फाइलीत होऊ लागली.

आता ते रजियाच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले.

“रजिया, हितं मोठ्या अक्षरातलं नाव न् बारक्या अक्षरातलं नाव वेगळं धरतेत का?”

“न्हाई ना काका. हितं दोन्ही एकच. आपल्याला दिसायला नुसतं मोठं-बारीक दिसतंय. कामून?”

“मंग एकावर दुसरी ठिवली तर?”

“विचारतंय ना ते. या नावाची फाइल आधीच हाये, तिच्यावर ठिवू का, म्हणून. आपण हो म्हणलं तर पहिली मिटली.” तिने वळून त्यांच्याकडे पाहिलं. “तुमाला विचारलं नव्हतं का?”

विचारलं होतं. पंगतीत पोरांना आधी वाढावं तसं त्यांनी पहिल्या दिवशी खुर्द गावं नेली. मध्येच लाइट गेली. दुसऱ्या दिवशी बुद्रुक न्यायला बसले तर पहिल्याच फाइलीला मशीनने विचारलं. त्यांना वाटलं, काल गडबडीत बुद्रुकच्याही दोनचार गेल्या असतील, त्यांचंच विचारतंय. हो म्हणाले. दुसरीला विचारलं, हो म्हणाले. तिसरीला त्यांना कटकट झाली आणि त्यांनी ‘उचल’ला शेवटी एक शब्द जोडून दिला. न विचारता.

“या अल्ला,” रजिया म्हणाली. “काका, जुनं मशीन?”

जुनी मशीन एप्रिलमध्येच भंगारवाल्याच्या टेम्पोत गेली होती. रेकॉर्डची नक्कल घेतलेल्या टेपच्या कॅसेटी कपाटात होत्या, अगदी तारीख घालून, पण त्या वाचायला तीच मशीन लागत होती. भुजंगरावांनी त्या काढून टेबलावर मांडल्या, पुन्हा कपाटात ठेवल्या. छाती भरून यावी, हात कापावेत, काहीतरी व्हावं, म्हणून ते थांबून राहिले. काहीच झालं नाही. आपल्याला काहीच होत नाही, याचीच त्यांना थोडी भीती वाटली.

ऑफिस सुपरिंटेंडेंट सर्जेरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लोटून घेतलं.

“कोनाकोनाला माहीतंय?”

“रजियाला.”

“ती बोलत न्हाई. हे बघा भुजंगराव, तुमचे दोन महिने राह्यले. शाल घ्या, नारळ घ्या, बराबर घरी जा. आठ महिन्यांत कोणी बोंबललं का? न्हाई ना? ज्याचं नाव न्हाई तो नवा पेशंट. नवं कार्ड करा. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“नवा म्हणलं की डॉक्टरीणबाई पह्यल्यापासूनचं औषध लावतेत.”

“लावू द्या की! औषधच हाये ते, इख न्हाई.”

भुजंगराव तिथून उठले आणि डॉक्टरीणबाईंच्या खोलीत जाऊन जसं झालं तसं सांगितलं. दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी तसा त्यांचा आवाज सपाट होता. डॉक्टरीणबाईंनी उघडं पेन मिटून ठेवलं. मग म्हणाल्या, “किती गावं?”

“एकवीस. माणसं तीनशेच्या वर असतील. आकडाबी त्याच फायलींत व्हता.”

“काय करणार?”

“घरोघर जातो. कोणाचं कार्ड असंल, कोणाला आठवत असंल.”

“जा. आणि चांगुणाबाईंपासून सुरुवात करा, त्यांना थांबायला वेळ नाही.”

तर असे भुजंगराव रेकॉर्डच्या खोलीतून तेरा वर्षांनी बाहेर पडले. पिशवीत लांब रजिस्टर, डबा आणि पाण्याची बाटली. खुर्दला एसटी नसते हे त्यांना तिथे गेल्यावर कळलं. एसटी बुद्रुकच्या फाट्यावर सोडते आणि खुर्दला चालत जावं लागतं, कुठे नदी ओलांडून, कुठे ढेकळांतून. तेरा वर्षं या गावांची नावं त्यांच्या बोटांवर होती, पण एकही गाव त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

चांगुणाबाईंना औषधाचं नाव सांगता येईना. मग त्यांनी कणगीमागून एक गाठोडं ओढून काढलं. त्यात गोळ्यांची रिकामी पाकिटं होती, सुतळीने बांधलेल्या जुड्या.

“तवाच्या नर्सबाई म्हनायच्या, रिकामं पाकीट दावल्याबिगर नवं मिळनार न्हाई. दावायचे न् परत आनायचे. फेकू कशी? औषध व्हतं त्याच्यात.”

भुजंगरावांनी ओट्यावर बसून एकेक पाकीट उलगडलं, नावं वाचली, मोजली आणि लिहून घेतली. साडेचार महिन्यांचं औषध निघालं. त्याच आठवड्यात बाईंना सुया सुरू झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बरं झालं वेळेवर कळलं. भुजंगराव नुसते हूं म्हणाले आणि पुढच्या गावाला निघाले.

पुढे त्यांनी सगळीकडे पाकिटंच विचारली. कोणाच्या माळ्यावर निघाली, कोणी त्यांची तोरणं करून देव्हाऱ्याला बांधली होती, कोणी चुलीत घातली होती. कोणी दारातूनच म्हणालं, आमच्यात कोणाला तसलं दुखणं नव्हतं, हळू बोला, पोरीचं लग्न जमून राह्यलंय. भुजंगराव हळू बोलायचे. रोज दिवेलागणीच्या आत परत येऊन लिहिलेलं रजियाला द्यायचे, आणि ती प्रत्येक गावाच्या नावापुढे खुर्द असं पुरतं टाइप करायची. वीस गावं झाली. निम्मी माणसं सापडली. सर्जेराव त्यांच्याशी बोलेनासे झाले, त्याचंही त्यांना काही वाटलं नाही.

एकविसावं आंबेसावरी खुर्द. गावात शिरताच पहिलं घर पुंजाराम गाढेंचं. दारात त्यांची बायको नंदाबाई शेंगा फोडत बसली होती. कपाळ मोकळं होतं. भुजंगरावांनी ते पाहिलं, तरी विचारायचं ते विचारलं.

“ते गेले. गौरी-गणपतीच्या आधी,” नंदाबाई म्हणाली. “बसा ना. मी वळखते तुमाला. दवाखान्याच्या खिडकीतले ना तुमी? उन्हाळ्यात आल्तो आमी.”

भुजंगराव बसले.

“ह्यांनी सांगितलं तुमाला, का आधी सा महिने गोळ्या घेतल्यात, हितल्याच. तुमी मशीनमधी बघितलं. म्हनले, बाबा, नाव न्हाई, म्हंजी तुमी घेतलंच नसंल, दुसऱ्या कशाच्या गोळ्या असतील. हे बी म्हनले, मशीन सांगतंय तर तसंच असंल.” तिने शेंगांचं सूप बाजूला सारलं. “मंग नव्यानं सुरू केल्या. बिलकुल खाडा न्हाई केला बघा. रोज घेतल्या. लागूच पडल्या न्हाईत.”

ऊन ओट्यावर आलं होतं. भुजंगरावांना ती दुपार आठवेना. इतकी माणसं खिडकीवर येतात. पण ते वाक्य त्यांचंच होतं. ते असंच बोलतात, आठ महिन्यांत कितीजणांना असं बोललो ते त्यांना आठवू लागलं. आणि मग आतलं इतके दिवस बधिर पडलेलं काहीतरी एकदम दुखलं, इतकं की त्यांनी खांबाला हात लावला.

“बाई,” ते म्हणाले, “पुंजारामांनी घेतल्या व्हत्या गोळ्या. नावबी व्हतं. ते माझ्या हातनं पुसलं गेलं. नव्या मशीनमधी नेताना खुर्दवर बुद्रुक बसलं. मला विचारलं व्हतं मशीननं. मीच म्हणलं, विचारू नको.”

नंदाबाईने सूप पुन्हा पुढे ओढून एक शेंग फोडली. रडली नाही.

“खुर्दवर बुद्रुक,” ती म्हणाली. “त्यात नवं काय, भाऊ? नळ बुद्रुकात, शाळा बुद्रुकात, रेशन बुद्रुकात. ह्यांना न्यायला जीप आली, ती बी बुद्रुकातच थांबली. तिथवर बाजंवर नेलं.”

भुजंगरावांनी पिशवीतून रजिस्टर बाहेर काढलं.

“मंग आता काय लिवायला आलेत? मानूस तर गेलं.”

“नाव लिवायला.”

“लिवा की मंग.”

त्यांनी रजिस्टर मांडीवर उघडलं. गाव, आंबेसावरी खुर्द. नाव, पुंजाराम कडूबा गाढे. पहिल्या खेपेला सहा महिने औषध घेतलं. दुसऱ्या खेपेला चार महिने घेतलं, एकही खाडा नाही. दुसऱ्या खेपेचं औषध चुकीचं. मयत. शेवटच्या रकान्यात चूक कोणाची ते लिहायला जागा नसते. तिथे शेरा असं छापलेलं असतं. भुजंगरावांनी त्या रकान्यात आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि खाली सही केली.

“काय लिवलं?” नंदाबाईने विचारलं. “मला वाचता येत न्हाई.”

भुजंगरावांनी वाचून दाखवलं. गावाच्या नावापासून स्वतःच्या नावापर्यंत, सगळं. ती मान खाली घालून ऐकत होती.

“एकही खाडा न्हाई, ते पुन्यांदा वाचा,” ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा वाचलं.