ऑरिनसाठी हलका चाप

ओक्लाहोमातल्या त्या कॉलेजात उन्हाळ्याच्या सुट्टीत पिस्तूल-दुरुस्तीचा वर्ग भरायचा. पोटापाण्यासाठी शिकणारं तिथं कुणी नाही, सगळे हौशी. कुणी निवृत्त पोस्टमन, कुणी दातांचा डॉक्टर, आणि बाईमाणूस म्हणाल तर एकटी वर्लीन. तिला एकच पिस्तूल नीट करायचं होतं, नवऱ्याचं. ऑरिन क्लबाच्या नेमबाजीत वर्षानुवर्षं पहिला आलेला. आता कंपवातानं हात थरथरे. चाप जड आहे म्हणून नेम हुकतो, असं तो म्हणे आणि वर्लीन ते खरं धरून चालली होती. चाप हलका केला की येत्या सामन्यात ऑरिन उभा राहील. तिला एवढंच हवं होतं.

हॉबर्टमास्तरांनी आधीच बजावलं होतं, की पोलाद घासून काढता येतं, परत चिकटवता येत नाही. पण ऐकतो कोण! एकदा घासायचा नाद लागला की हात थांबत नाही. वर्लीन घोडा अडवून धरणारा आतला बारका तुकडा दगडावर घासायची, जोडायची, चाप ओढून बघायची, की पुन्हा दगड. शेजारच्या टेबलावरचा क्लीट, म्हणजे तो पोस्टमन, चिडवायचा, की बाई, आता फुंकर मारली तरी सुटेल. ती हसण्यावारी न्यायची.

वर्गाचा एक रिवाज होता. आपलं काम आपणच पास करायचं नाही, शेजाऱ्याच्या हाती द्यायचं. काडतुसांना खोलीत मज्जाव होता. क्लीटनं पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली, गोळीवर आपटणारा मागचा घोडा चढवला आणि तळहातानं पिस्तुलाला एक थाप दिली. चापाला बोटही लागलं नव्हतं, तरी घोडा खाडकन पडला.

पुन्हा केलं, पुन्हा तेच. मैत्रिणीला नापास करणं क्लीटच्या जिवावर आलं होतं.

"वर्लीन, हे तू थरथरत्या हातात देणार?"

"जड ठेवलं तर त्याला ओढवत नाही."

"आणि हलकं केलं तर?"

वर्लीननं पिस्तूल त्याच्या हातातून काढून घेतलं. घरी ऑरिनच्या शर्टाची बटणं तीच लावायची, कॉफीचा कप तीच धरायची. पिस्तूल तेवढं त्यातून वगळून ठेवलं होतं तिनं. तिला ऑरिनचा संताप आला. त्याला सगळं कळत होतं, तरी बिचाऱ्या चापावर ढकलून मोकळा झाला होता.

मास्तरांनी घासलेल्या तुकड्याच्या जागी बसवायला नवा तुकडा टेबलावर ठेवला आणि ऑरिनला किती जड झेपेल ते विचारलं.

"ऑरिन आता नेम धरणार नाही, मास्तर," ती म्हणाली. "माझ्यासाठी बसवायचंय."

हे वाक्य तिनं घरी कधी उच्चारलं नव्हतं. मास्तरांनी मान हलवली आणि तिच्या बोटाला किती जड झेपेल ते बघायला तिला हात पुढे करायला सांगितलं.